प्रार्थनेच्या यादीसमोरचा रिकामा रकाना

प्रति,
ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, वडीलवर्ग आणि कारभार पाहणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य यांस,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

हे पत्र पाकिटात घालून एखाद्या पाळकांच्या हाती देणे सोपे होते. पण मग ती एका सभासदाची एका मंडळीबद्दलची कुरकुर ठरली असती, आणि कुरकुरीचे काय होते ते आपण सगळे जाणतो. ती उपासना सुटल्यावर दाराशी उभ्या उभ्या ऐकली जाते आणि तिथेच राहते. मला जे म्हणायचे आहे ते कुठल्याही मंडळीला लागू पडेल, म्हणून उघडपणे लिहितो आहे. ओळख एवढीच, की काही वर्षे मी मंडळीच्या समितीत बसलो आहे आणि जमाखर्च पाहिला आहे. व्यासपीठावर बोलण्याचा मला सराव नाही, कागद वाचण्याचा आहे.

दर रविवारी आपण एक यादी वाचतो. आजारी माणसे, नुकतेच कुणाला तरी माती देऊन आलेली घरे, नोकरी गेलेले, परीक्षेला बसलेले, प्रवासाला निघालेले. काही नावे येतात आणि दोन-तीन रविवारांत निघून जातात. काही मात्र महिनोन्‌महिने राहतात. वाचणाऱ्याला ती पाठ झालेली असतात, आणि ऐकणारे ती ऐकेनासे झालेले असतात. यादी संपते, आमेन होते, पुढचे गीत सुरू होते. ह्या प्रार्थनेला माझा मुळीच विरोध नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की ज्याचे नाव आपण देवापुढे घेतले त्याच्या घरी त्या आठवड्यात कोण गेले, हे कुठल्या वहीत सापडते? दानार्पण किती जमले ते सापडते. उपासनेला किती जण होते तेही पुष्कळ ठिकाणी सापडते.

इमारतीचे छत गळू लागले की आपण काय करतो ते आठवून पाहा. ज्याला जशी प्रेरणा होईल त्याने तशी डागडुजी करावी, असे कुणी म्हणत नाही. सभा बोलावली जाते, दोन-तीन ठिकाणांहून अंदाजपत्रके मागवली जातात, एका वडिलांवर काम सोपवले जाते आणि मुदत घातली जाते. माणसाच्या दुःखाची गोष्ट निघाली की हीच समिती एकदम आत्मिक होते: प्रभू ज्याच्या मनात घालील तो जाईल! प्रभू घालतोही. प्रत्येक मंडळीत दोन-चार जणी असतातच, ज्या कुणी न सांगता जातात, रात्री जागतात, औषधे आणून देतात, मुलांना सांभाळतात. त्यांच्या जिवावर आपण सगळे ‘आमची मंडळी फार प्रेमळ’ असे सांगत फिरतो. त्या थकल्या, स्वतः अंथरुणाला खिळल्या किंवा दुसरीकडे राहायला गेल्या, की लक्षात येते की प्रेम त्यांचे होते, मंडळीने ते फक्त स्वतःच्या नावावर मांडले होते.

कळवळा हे मंडळीचे काम आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि काम म्हटले की ते कुणाला तरी नेमून द्यावे लागते, त्यासाठी वेळ आणि पैसा बाजूला काढावा लागतो, आणि ते झाले की नाही हे कुणीतरी विचारावे लागते. ह्यात माझी काही अक्कलहुशारी नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हेच घडले आहे.

तो अध्याय आपण बहुधा पहिला हुतात्मा स्तेफन याच्यासाठी उघडतो आणि पहिली सहा वचने घाईने ओलांडतो. यरुशलेमेतल्या मंडळीत रोज गरजूंना वाटणी होत असे. त्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मात्र मिळत राहिले. तक्रार झाली. जिथे सगळे एकदिलाने राहत होते अशा मंडळीत कुरकुर झाल्याची ही नोंद आहे, आणि तिचे कारण शिकवणीतला मतभेद नाही, तर वाटपातून गळालेली माणसे आहेत. प्रेषितांनी काय केले नाही ते आधी पाहावे. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. ‘त्या भगिनींसाठी आपण प्रार्थना करू या’ म्हणून बोळवण केली नाही. सगळे आम्हीच करतो असा हट्टही धरला नाही. वचनाची सेवा सोडून आम्हाला हे करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पाळकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण मंडळ्या पाळकांकडून सगळेच मागतात आणि मग ते पुरे पडत नाहीत म्हणून नावे ठेवतात. पण प्रेषित तेवढ्यावर थांबले नाहीत. सात माणसे निवडा, म्हणाले. नावाजलेली, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण अशी. आणि हे सगळे वाटपाच्या कामासाठी! आज आपण वाटपाच्या कामाला कुणाला पाठवतो? ज्याला गाता येत नाही, बोलता येत नाही, पण ज्याच्याकडे गाडी आहे, अशाला.

त्या सातांची नावेही पाहण्यासारखी आहेत. स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन… सातही नावे ग्रीक. त्यातला निकलाव तर मूळचा यहूदीही नव्हता, यहूदी मत स्वीकारलेला अंत्युखियाचा माणूस होता. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती कारभार दिला गेला. नुसत्या नावांवरून ह्याहून जास्त काढू नये, पण एवढे काढायला हरकत नाही. प्रार्थनाही झाली. कधी, तर माणसे निवडून झाल्यावर, त्यांच्यावर हात ठेवताना.

आपल्याकडे क्रम उलटा पडला आहे आणि प्रार्थनेनंतरची पायरीच गाळली गेली आहे.

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि आपल्यातला कुणी तिला म्हणतो, सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा. हातावर ठेवत मात्र काहीच नाही. वाचताना वाटते, इतके कोरडे कोण बोलेल? आपण बोलतो. शब्द तेवढे बदलले आहेत: ‘काही लागलं तर सांगा हं.’ हे वाक्य वाईट मनाने कुणी म्हणत नाही, मीही ते मनापासूनच म्हटलेले ऐकले आहे. पण ते ऐकणाऱ्याच्या डोक्यावर काय ठेवते? आधीच खचलेल्या माणसाने आता आपली गरज कोणती ते ठरवायचे, ती मागण्याजोगी आहे का ते तोलायचे, कुणाला फोन करावा ते निवडायचे, लाज गिळायची आणि नकार आलाच तर तोही सोसायचा. म्हणून फारसे कुणी सांगत नाही. मग आपण एकमेकांत म्हणतो, विचारलं होतं आम्ही, त्यांनीच काही सांगितलं नाही. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. त्याऐवजी असे म्हणून पाहावे: ‘मंगळवारी दुपारी दोन ते पाच मी त्यांच्यापाशी बसतो, तेवढ्यात तुम्ही झोप काढा. चालेल ना?’ ह्याला फक्त हो किंवा नाही म्हणावे लागते. गरज शोधण्याचे ओझे विचारणाऱ्याने उचललेले असते.

इथे एखादे वडील इफिसकरांस पत्र उघडतील, हे मला माहीत आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. अगदी बरोबर. ते आठवे-नववे वचन झाले. लगेच दहावे सांगते की सत्कृत्ये करण्यासाठीच आपल्याला ख्रिस्तात निर्माण केले आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला गवताचे, म्हणजे हलक्या मोलाचे, पत्र म्हटले, तेही खरे. पण पुढच्याच वर्षी त्याने लाइस्निग गावातल्या सामाईक पेटीच्या नियमावलीला प्रस्तावना लिहिली. त्या पेटीतून गरीब, अनाथ आणि वृद्ध यांचा खर्च भागवायचा होता. १५२७ मध्ये विटेनबर्गात प्लेग आला तेव्हा तो गाव सोडून गेला नाही आणि त्याच्या घरातच आजाऱ्यांची सोय झाली. हा वाद इथे आणखी वाढवण्यात अर्थ नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायापाशी मात्र मला थांबायचे आहे, कारण तिथे आपल्या बहुतेक सबबींची वाट बंद होते. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला. न्यायाच्या दिवशी राजा ह्या सहांची नावे घेतो. आजाऱ्याबद्दल तो म्हणत नाही की तुम्ही मला बरे केले. तुरुंगातल्याबद्दल म्हणत नाही की तुम्ही मला सोडवले. तुम्ही माझ्याकडे आलात, एवढेच म्हणतो. बरे करणे आपल्या हातात नसते, सोडवणेही नसते, जाणे असते. आणि गंमत अशी की राजाने उजवीकडे घेतलेल्या नीतिमानांनाही आपण काय केले ते ठाऊक नव्हते. प्रभू, तुला भुकेलेला आम्ही कधी पाहिले, असे ते विचारतात. म्हणजे ख्रिस्ताला खूश करायचे म्हणून ते गेले नव्हते. माणूस भुकेला होता म्हणून त्यांनी खायला दिले.

आता हे प्रत्यक्षात कुठे अडते ते सांगतो. आजार नवा असतो तेव्हा घर भरलेले असते. खुर्च्या पुरत नाहीत. एकाच संध्याकाळी पाच जण पाच लांबलचक प्रार्थना करून जातात आणि रुग्ण दमून जातो. मग ओसरायला लागते. अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश, मनाचे आजार, निकामी झालेली मूत्रपिंडे: जे दुखणे वर्षांत मोजायचे असते तिथे मंडळी फार लवकर थकते. एक उदाहरण घेतो. डायलिसिसवर असलेल्या बहुतेक रुग्णांना आठवड्यातून तीन वेळा केंद्रात जावे लागते आणि दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून पडावे लागते. वर्षाला दीडशेच्या वर फेऱ्या झाल्या. घरातल्या एकाच माणसाने त्या करायच्या म्हटल्या तर त्याची नोकरी टिकत नाही. मंडळीतल्या बारा जणांनी वाटून घेतल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला साधारण एक येते. बारा जण कुठल्याही बऱ्यापैकी मंडळीत निघतात. पण ‘ज्याला वाटेल तो जाईल’ ह्या तत्त्वावर ते कधीच निघणार नाहीत. पहिल्या आठवड्यात सगळे जातील आणि पाचव्यात कुणीच नाही. त्यासाठी वेळापत्रक लागते, ते आखणारा माणूस लागतो आणि आदल्या दिवशी आठवण करणारा फोन लागतो.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही हा व्यवहार आहेच. लुटारूंनी अर्धमेला टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून जातात, आणि यहूदी ज्यांना परके मानत त्या शोमरोन्यांपैकी एक थांबतो. आपण त्यातल्या याजकावर आणि लेव्यावर मनसोक्त बोलतो. (मंदिरातल्या शुद्धतेच्या नियमांमुळे याजक थांबला नसेल, अशी त्याची वकिलीही केली जाते. पण लूक म्हणतो की तो त्या वाटेने खाली चालला होता, म्हणजे यरुशलेमेकडे पाठ करून. मंदिराची सेवा पुढे असती तर ती सबब थोडी तरी पटली असती.) शोमरोन्याचे दुसऱ्या दिवशीचे वागणे मात्र प्रवचनात क्वचित येते. जखमा बांधल्या, जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर काळजी घेतली. आणि सकाळी दोन दीनार काढून रखवालदाराला दिले. दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. वर म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. तो स्वतः आपल्या कामाला निघून गेला. त्याने आपला प्रवास रद्द केला नाही, आणि त्या माणसाला वाऱ्यावरही सोडले नाही. पैसे, ठिकाण, जबाबदार माणूस आणि परत येण्याचा शब्द, एवढी व्यवस्था करून तो गेला.

काही दुःखे तर यादीत येतच नाहीत. मुलगा तुरुंगात आहे, नवरा मारतो, घरात कुणी जीव दिला, व्यसनापायी कर्ज झाले, ही नावे माइकवरून कोण वाचणार? ती घरे हळूहळू मागच्या बाकांवर सरकतात आणि एके दिवशी यायची बंद होतात. कैद्यांना भेटणे मत्तयाच्या यादीत आजाऱ्यांच्या शेजारी आहे, पण कैद्याच्या बायकोशी उपासनेनंतर बोलायला आपल्याला विषय सुचत नाही. ह्या घरांसाठी वेगळा, गुपित राखणारा मार्ग लागेल. दोन विश्वासू माणसे, ज्यांचा फोन सगळ्यांना ठाऊक आहे आणि ज्यांच्या तोंडून बातमी बाहेर जात नाही. अशी माणसे शोधणे कठीण आहे, हे मान्य. वडीलवर्गाचे कामच ते आहे.

जमाखर्च पाहणारा माणूस म्हणून मला जुन्या मंडळ्यांच्या नोंदी वाचायला आवडतात. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन ह्या ख्रिस्ती लेखकाने रोमी सम्राटाला ख्रिस्ती उपासना कशी चालते ते लिहून कळवले. वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. आणि लगेच दान. ज्याला शक्य आहे तो स्वेच्छेने देतो, जमलेले उपासना चालवणाऱ्यापाशी ठेवतात, आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांना मदत करतो. इमारतीचा उल्लेख त्यात नाही, कारण तशा इमारतीच नव्हत्या. शंभर वर्षांनी, २५१ च्या सुमारास, रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीच्या सेवकांची संख्या देतो आणि सांगतो की दीड हजाराहून अधिक विधवा आणि गांजलेल्या माणसांचा सांभाळ मंडळी करते. तेव्हा ख्रिस्ती असणे धोक्याचे होते, नुकताच एक छळ होऊन गेला होता. तरीही त्यांना आकडा ठाऊक होता. आकडा ठाऊक असणे म्हणजे कुणीतरी नावे लिहीत होते. ३६२ मध्ये सम्राट ज्युलियनने, ज्याला ख्रिस्ती धर्म अजिबात नको होता, आपल्या एका मुख्य पुरोहिताला खरमरीत पत्र लिहिले: हे गालीली (ख्रिस्ती लोकांना तो असेच म्हणे) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्या लोकांना आपल्याकडून काहीच मिळत नाही. विरोधकाच्या हातचे असे प्रशस्तिपत्र आज कुठल्या मंडळीला मिळेल?

पुढे इमारती आल्या आणि त्यांबरोबर प्रलोभनही आले. योहान क्रिसोस्तोम चौथ्या शतकाच्या अखेरीस व्यासपीठावरून श्रोत्यांना सुनावत होता की मंदिरात ख्रिस्ताला रेशमाने मढवायचे आणि बाहेर तो थंडीने काकडत असताना पाहायचेही नाही, हा मान नव्हे. मिलानचा बिशप अँब्रोस याने बंदिवानांना सोडवण्यासाठी मंडळीची पवित्र पात्रे वितळवली आणि त्यावरून टीकाही ऐकली. आपल्याला पात्रे वितळवायची वेळ आलेली नाही. वार्षिक अंदाजपत्रकात ‘गरजूंना साहाय्य’ ह्या ओळीसमोरचा आकडा ध्वनियंत्रणेच्या आकड्याशेजारी ठेवून वाचला, तरी पुरे आहे.

मदत करताना अट घालावी का, हा प्रश्न समित्यांत वारंवार निघतो. येतात का उपासनेला? आपले आहेत का? लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच आभार मानायला परतला, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले खरे, पण त्यांचा रोग काही त्याने परत आणला नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना भाकरी मिळाली. त्याच अध्यायाच्या शेवटी शिष्यांपैकीही पुष्कळ जण माघारी गेले. त्या भाकरींचा हिशोब कुणी मागितला नाही. जी मदत घेणाऱ्याला डोके टेकवायला लावते ती खरेदी आहे, दुसरे काही नाही.

आणि ह्याची उलट बाजू पंडिता रमाबाईंच्या स्वतःच्या साक्षीत आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधल्या फुलहॅम येथे, समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले काम त्यांनी पाहिले. पाहिल्यावर त्यांनी विचारले, की तुम्ही ह्या बायकांसाठी हे का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची आणि येशूची भेट, वाचून दाखवला. आधी काम, मग प्रश्न, मग वचन. ते काम त्यांना दाखवण्यासाठी मांडलेले नव्हते, त्या येवोत न येवोत ते चाललेच होते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेल्या ह्या बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या, आणि तिथे त्यांना नुसते पोसले नाही, तर शिकवले, हाताला कामे दिली.

एवढे सगळे गोड लिहून थांबलो तर मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल. करुणेच्या नावाखाली मंडळ्यांनी माणसे मोडलीही आहेत. कॅनडात मूलनिवासी मुलांना घरांतून उचलून नेऊन ज्या निवासी शाळांत ठेवले गेले, त्यांपैकी बहुतेक चर्चने चालवलेल्या होत्या. तिथे काय झाले ते सत्य व सलोखा आयोगाच्या २०१५ च्या अहवालात आहे. आयर्लंडमधली मॅग्डलीन धुलाईगृहे ‘वाट चुकलेल्या’ मुलींना आसरा म्हणून सुरू झाली आणि वेठबिगारीची ठिकाणे ठरली. शेवटचे १९९६ मध्ये बंद झाले, आणि सरकारने माफी मागितली ती २०१३ मध्ये. तिथे काम करणाऱ्या अनेकांना आपण सेवा करत आहोत असेच वाटत असणार. देणाऱ्याच्या हातात सत्ता येते, आणि तिच्यावर नजर ठेवणारे कुणी नसले की ती सडते. म्हणून भेटीला शक्यतो दोघांनी जावे. लहान मुलांसोबत कुणी एकट्याने राहू नये. तक्रार करायला समितीबाहेरचा माणूस असावा. आणि मदत घेणाऱ्याचा फोटो कुणीही, कुठल्याही कारणासाठी काढू नये. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये असे प्रभूने सांगितले. आपण ते डाव्या हातात फोन धरून टिपतो.

गुप्तता माणसांची राखायची, पैशांची नाही. पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमवत होता तेव्हा ती पोहोचवायला मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेत होता, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी बोट दाखवू नये. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने तसे उघड लिहिले आहे. आपल्या मदतनिधीत किती आले आणि किती गेले, हे दर तीन महिन्यांनी फलकावर लागायला काय हरकत आहे? नावे नकोत, एकूण रकमा पुरेत.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड आहे. मंडळीचे आवार झाडणारा, दारे उघडणारा, रात्री राखण करणारा माणूस आपण पगारावर ठेवलेला असतो. त्याचा पगार किती, तो वेळेवर होतो का, तो आजारी पडला तर काय? जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ ह्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यायची आज्ञा आहे. ज्या याकोबाने दुसऱ्या अध्यायात उघड्या बहिणीबद्दल लिहिले, त्यानेच पाचव्यात अडकवलेल्या मजुरीबद्दल लिहिले, की ती ओरडते आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. दुसऱ्या अध्यायावर प्रवचने पुष्कळ होतात. जो आपल्याच पगारावर आहे त्याला सणासुदीला भेट देऊन ‘दान’ म्हणणे आणि वाजवी पगार मात्र न देणे, ह्याला मी करुणा म्हणू शकत नाही.

लोक फायदा घेतात, ही तक्रारही खोटी नाही. घेतात. थेस्सलनीकातही घेत होते. जो काम करायला तयार नाही त्याने खाऊही नये, असे पौलाला लिहावे लागले. ‘तयार नाही’ हे शब्द मात्र नीट वाचावेत, ज्याला करता येत नाही त्याच्याबद्दल ते नाहीत. तीमथ्याला पहिल्या पत्रात विधवांची यादी कशी करावी ते सांगितले आहे, त्यात वयाची साठ वर्षांची अट आहे, नातेवाईक असतील तर आधी त्यांनी पाहावे असेही आहे. म्हणजे चौकशी करायला मनाई नाही. चौकशी मदत नीट पोहोचावी म्हणून करायची की देणे टळावे म्हणून, ते समितीच्या बैठकीत बसलेल्याला पहिल्या पाच मिनिटांत समजते.

आपणा सर्वांना विनंती आहे ती अशी. प्रार्थनेच्या यादीत आणखी एक रकाना आखावा: ह्या आठवड्यात कोण जाणार. ती प्रत फक्त वडीलवर्गापाशी राहावी, वाचून दाखवू नये. जोवर तिथे नाव नाही तोवर सभा संपवू नये. ज्या दोन-चार जणी वर्षानुवर्षे हे काम करत आल्या आहेत त्यांना आधी बोलवावे आणि त्यांचे ऐकावे; त्यांच्यावर आणखी कामे लादायला नव्हे, तर हे काम कसे करतात ते बाकीच्यांना शिकता यावे म्हणून. वर्षाच्या अंदाजपत्रकात मदतीची रक्कम शेवटी उरेल ती नसावी, आधी काढलेली असावी. पाळकांना ह्यातले प्रत्येक काम स्वतः करावे लागू नये.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतला आणि काही ठरले, तर ते उपासनेत जाहीर करावे. काही ठरले नाही, तर तेही जाहीर करावे. तुरुंगात असलेल्यांच्या कुटुंबांकडे जायला बहुधा चटकन कुणी तयार होणार नाही, तेव्हा त्या ओळीसमोर माझे नाव लिहावे. शनिवारी सकाळी मला वेळ असतो. माझ्यासोबत येणारे दुसरे कोण, तेवढे मात्र आपण ठरवून कळवावे.

ख्रिस्ताठायी आपला,
मंडळीचा एक सभासद